टोपलीभर सीताफळं

“पोरीला फळं द्या, अंगात ताकद येईल,” असं भिंतीवरच्या तक्त्यातल्या सफरचंदावर बोट ठेवून नर्स रोशनीनं कलाबाईला बजावलं होतं. पुढच्या फेरीला रोशनी घरी आली, तशी कलाबाई अंगणातच हरखून म्हणाली, “बाई, आणलं जी सफरचंद! रानातली टोपलीभर सीताफळं धानोऱ्याच्या बाजारात इकली, अन् हे एक घेतलं.”

सीताफळात सफरचंदाहून जास्त ताकद, कितीतरी जास्त क जीवनसत्त्व, हे रोशनीला तोंडपाठ होतं. पण मेलं बोट गेलं ते चित्रावरच!

“पोरीनं खाल्लं नाही का एखादं सीताफळ?” तिनं चाचरत विचारलं.

“लय रडली जी,” कलाबाई अभिमानानं म्हणाली, “पण तुमी सफरचंदच सांगतलं होतं ना, म्हून एकबी देल्लं नाई.”