शुक्रवारची सुट्टी

सामंतांनी मिठाईचा डबा मांडीवरून उचलून शेजारच्या खुर्चीवर ठेवला. मग कुणाला बसायला खुर्ची लागेल असं वाटून तो पुन्हा मांडीवर घेतला. काचेमागची मुलगी त्यांच्याकडे बघून हसली आणि तेच वाक्य पुन्हा म्हणाली.

"मॅडम येतायत सर. पाच मिनिटं."

पाच मिनिटं केव्हाच होऊन गेली होती. शशिकांत सामंत वीज कंपनीच्या अंबरनाथ उपविभागाचे साहेब. एमआयडीसीतले भलेभले कारखानदार एकेकाळी त्यांच्या केबिनबाहेरच्या बाकावर रुमालाने घाम पुसत बसायचे. जोडणी द्यायची ती कंपनीनेच, तोडायची तीही कंपनीनेच. दुसरं दुकानच नव्हतं म्हटल्यावर गिऱ्हाईक जाणार कुठे? आता गिऱ्हाईक जायला लागलं होतं. कुणी शेडवर सौर पॅनल चढवली, कुणी बॅटऱ्या आणून ठेवल्या, कुणी गॅसवरचा जनरेटर बसवला. मग मुख्यालय खडबडून जागं झालं आणि साहेबलोकांना ठाण्याच्या एका हॉटेलात नेऊन ग्राहकाशी गोड कसं बोलायचं ते शिकवलं गेलं. टाय लावलेला एक पोरगा सांगत होता, "स्माइल फ्रॉम द आइज, सर." निवृत्तीला टेकलेल्या माणसाने आता डोळ्यांतून हसायचं. काय म्हणावं या कर्माला.

एरवी सामंतांनी असले प्रकार एका कानाने ऐकून दुसऱ्या कानाने सोडून दिले असते. पण आजचं काम तसं नव्हतं. पोतदार रेझिन्स हा त्यांच्या उपविभागातला शेवटचा मोठा ग्राहक, आणि त्याने भार कमी करण्याचा अर्ज टाकला होता. कमी म्हणजे किती? तर ऑफिसचे दिवे-पंखे चालतील एवढा. बाकी सगळी वीज शेडवर बसवायच्या पॅनलची, नव्या बॅटऱ्यांची आणि गॅसवरच्या नव्या जनरेटरची. पोतदार गेले की अंबरनाथचा उपविभाग कल्याणला जोडायचा, हे वर ठरलं होतं, आणि सामंतांची खुर्ची चंद्रपूरला निघणार होती. त्यांच्या बायकोने, वृंदाने, स्टेशनजवळ उपवासाच्या पदार्थांचं दुकान टाकलं होतं. अंबरनाथ पश्चिमेच्या बायका साबुदाणा वडे न्यायला आता कुठे रांग लावायला लागल्या होत्या. काल रात्री जेवताना ती शांतपणे म्हणाली होती, "मी दुकान सोडून येणार नाही हं. तुम्हाला डबा कोण देईल तिकडे, ते बघून ठेवा."

तेव्हा आज काहीही करून अर्ज मागे घ्यायला लावायचा, असा निश्चय करून सामंत आले होते. तेही रविवारी. रविवारी कारण अंबरनाथच्या एमआयडीसीत रविवार कामाचा असतो. इथली आठवड्याची सुट्टी शुक्रवारची. पूर्वापार तशी चालत आली आहे. शुक्रवारी भोंगे गप्प, रिक्षावाले झाडाखाली झोपलेले, आणि वीज कंपनीची माणसं खांबावर. लाइन बंद करून दुरुस्ती करायची तर शुक्रवारसारखा वार नाही, हे इथल्या वायरमनच्या पोराटोरांनाही ठाऊक.

"या सर. सॉरी, बॉयलरवाले आले होते." राजसी पोतदार स्वतःच दार उघडून बाहेर आली. तिशी नुकतीच ओलांडलेली, पायात सेफ्टी शूज, कपाळावर हेल्मेटचा वळ. तिच्या वडिलांना सगळी एमआयडीसी आण्णा म्हणायची. ते गेल्यावर कारखाना हिने हातात घेतला होता.

केबिनमध्ये चहा आला. सामंतांनी डबा पुढे सरकवला आणि शिकवल्याप्रमाणे आधी तब्येतीची, मग धंद्याची चौकशी केली. राजसीने ती ऐकून घेतली.

"सर, तुम्ही अर्जासाठी आलायत ना?"

"हो. मागे घ्या म्हणायला आलोय."

"का घेऊ?"

सामंतांनी चहाचा कप खाली ठेवला. हॉटेलातलं पढवलेलं सगळं बाजूला राहिलं आणि मनातलंच तोंडातून बाहेर आलं. "मॅडम, तुम्ही जास्त दर भरता म्हणून बुवापाड्यातल्या घरांना कमी दरात वीज देता येते. मोठे सगळे निघून गेले तर तो बोजा कुणावर पडणार? तुमचीच माणसं राहतात तिथे."

"माझीच राहतात," राजसी म्हणाली. "म्हणून तर. माझा कारखाना बंद पडला तर त्यांनी स्वस्त वीज घेऊन करायचं काय? सर, मी दराबद्दल कधी तक्रार केली का तुमच्याकडे? आण्णांनी केली का? मला रविवारचा त्रास आहे. गेले कित्येक महिने तुमचे लोक रविवारी लाइन बंद करतात. मी पत्रं दिली, अ‍ॅपवर तक्रारी टाकल्या. दर वेळी तिथून आभार येतात."

सामंतांनी मान खाली घातली. रविवारचं दुखणं त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं? दुरुस्तीचे वार पूर्वी उपविभाग ठरवायचा. आता सगळ्या राज्याचं वेळापत्रक मुख्यालयातून येतं. तिथल्या कुण्या हुशाराने ठरवलं, उद्योगांना त्रास नको, तेव्हा औद्योगिक भागातली दुरुस्ती सुट्टीच्या दिवशी करा. सुट्टी म्हणजे रविवार. झालं. ग्राहकाची काळजी घ्यायची म्हणून काढलेला फतवा आणि तो नेमका ग्राहकाच्याच मुळावर. सामंतांनी वर लिहून कळवलं, फोन केले, समक्ष जाऊन सांगितलं. एकाने तर त्यांनाच विचारलं, "सामंत, शुक्रवारी कोण सुट्टी घेतं हो?" भिंतीवर डोकं आपटावं तर भिंतही कंपनीचीच. आजच्या दिवसापुरतं तरी बंद ठेवू नका म्हणून त्यांनी काल नियंत्रण कक्षाला विनवलं होतं आणि पलीकडचा माणूस "बघतो सर" म्हणाला होता. त्या दोन शब्दांवर भरवसा ठेवून सामंत इथे आले होते.

"आज नाही व्हायचं तसं," ते म्हणाले. "मी बोललोय."

राजसीने चहा संपवला आणि खिडकीतून शेडकडे बघत राहिली. आणि सामंत पुढचं काही बोलणार एवढ्यात डोक्यावरचा पंखा मंद होत होत थांबला.

शेडमधला आवाजही बसत गेला. दोघंही एकमेकांकडे बघत जनरेटर सुरू होण्याची वाट बघत राहिले. जनरेटर खोकला, धडधडला, पुन्हा बंद पडला.

"तो जुना डिझेलचा आहे," राजसी उठत म्हणाली. "सगळा भार एकदम नाही उचलत."

सामंतांनी तिच्यामागे जाता जाताच नूतनला फोन लावला. नूतन त्यांची सहायक अभियंता, रविवार असूनही उपकेंद्रात होती.

"नूतन, पोतदारांची लाइन कुणी बंद केली? लगेच चालू करा."

"सर, वरून लाइन बंद ठेवायचं परमिट आलं. कंत्राटदाराची माणसं लाइनवर चढलीत. ती उतरल्याशिवाय मी हात नाही लावू शकत."

माणसं खांबावर असताना लाइन चालू करा म्हणणारा साहेब सामंत कधीच नव्हते. त्यांनी फोन खिशात ठेवला.

शेडमध्ये माणसांची पळापळ चालली होती. रेझिन, म्हणजे राळ, शिजवायच्या मोठ्या भांड्याला इथे किटली म्हणतात. किटलीतला ढवळायचा दांडा फिरत राहिला पाहिजे. तो थांबला आणि आतला माल तसाच तापत राहिला की त्याचा दगड होतो. पर्यवेक्षक कोंडाजी एका किटलीच्या तोंडाशी वाकून आत बघत होता. जनरेटर तिसऱ्या खेपेला लागला, दिवे आले, एका किटलीचा दांडा फिरायला लागला. दुसरीचा नुसता गुरगुरला.

"ताई, दोन नंबर बसली," कोंडाजी म्हणाला. "मोटार जळंल, बंद करतो."

राजसीने मान हलवली. कोंडाजीने बटण दाबलं आणि हातमोजे काढून खांद्यावर टाकले.

"आता काय करणार?" सामंतांनी विचारलं.

"काय करनार सायब. थंड झाली का आत उतरायचा नि छिन्नी-हातोडा घेऊन फोडायचा." त्याच्या बोलण्यात राग नव्हता, आणि सामंतांना ते जास्त लागलं. "मागच्या मयन्यात बी फोडली. दोघं आत, दोघं भायेर. आतला वास डोक्यात जातो, म्हणून पाळीपाळीनी उतरतो."

"तुम्ही उतरता?"

"मंग कोन. नवीन पोरगा आत पाठवायचा जीव व्हत नाय."

सामंतांना त्या क्षणी भयंकर चीड आली. मुख्यालयाची, त्या टायवाल्या पोराची, "बघतो सर" म्हणणाऱ्याची, आणि ते दोन शब्द घेऊन इथे फुशारकी मारणाऱ्या स्वतःची. त्यांच्या खिशात फोन वाजला. वरचे साहेब होते. सामंत शेडच्या दाराबाहेर आले.

"काय झालं? घेतला का मागे?"

"सर, लाइट गेलीय इथली."

"का?"

"आपणच घालवलीय सर. दुरुस्तीसाठी. मी शुक्रवारचं म्हणत होतो ना तुम्हाला..."

"सामंत, तो विषय आता नको. वेळापत्रक माझ्या हातात नाही, तुमच्या हातात नाही. ती बाई मानते की नाही ते सांगा."

"नाही मानणार. मी तिच्या जागी असतो तर मीही नसतं मानलं."

साहेब समजुतीच्या सुरात म्हणाले, "हे बघा, बॅटऱ्या जोडायला आपली तपासणी लागते. मीटर रूम बघा. काही ना काही निघतंच. लावून द्या एक हरकत. मग पूर्तता, मग फेरतपासणी. यंदाचं वर्ष निघून जाईल. तुमचंही अंबरनाथ वाचेल, माझेही आकडे राहतील. चंद्रपूरला उन्हाळा फार कडक असतो हो."

फोन बंद झाला. सामंत तिथेच उभे राहिले. साहेब काही वाईट माणूस नव्हता. तो खरं तेच सांगत होता, आणि सांगितलेलं करणं सामंतांच्या डाव्या हातचा मळ होता. आजवर अशा किती हरकती त्यांनी लावल्या, किती कारखानदार बाकावर बसवून ठेवले. त्यासाठी हॉटेलात जाऊन काही शिकावं लागलं नव्हतं.

राजसी बाहेर आली. कपाळावरचा घाम तिने मनगटाने पुसला.

"सर, मी उद्धट वाटले असेन तर माफ करा. पण एकच सांगा. शुक्रवारशिवाय लाइन बंद करणार नाही, एवढा शब्द तुम्ही देता का? लेखी नको, तोंडी द्या. आण्णा म्हणायचे, सामंत साहेब एकदा हो म्हणाले की काम झालं. तुम्ही हो म्हणा, मी आत्ता अर्ज मागे घेते."

इतकं सोपं होतं. एक हो. वृंदाचं दुकान, अंबरनाथ पश्चिमेचं घर, नूतनचं ऑफिस, सगळं त्या एका 'हो'मागे उभं होतं. सामंतांनी तोंड उघडलं. शेडमधून कोंडाजी कुणाला तरी छिन्न्या शोधून ठेवायला सांगत होता.

"नाही देऊ शकत," ते म्हणाले. "पूर्वी दिला असता. आता तो माझ्या हातात नाही."

राजसीने हळूच मान हलवली. तिला याहून वेगळं अपेक्षित नसावं. तरी तिचा चेहरा उतरला.

"मीटर रूम बघायची आहे," सामंत म्हणाले.

ती एकदम ताठ झाली. मीटर रूम कशासाठी बघतात, हे आण्णांच्या मुलीला सांगायला नको होतं. ती पुढे झाली, भिंतीवरच्या खिळ्याची किल्ली काढली आणि कुलूप उघडून बाजूला उभी राहिली.

खोली झाडलेली होती. पाण्याचा थेंब नाही, अडगळ नाही, आग विझवायच्या नळकांड्याची तारीख ताजी. सामंतांनी सवयीने एकेक वस्तू बघितली. मग त्यांचं लक्ष पायाखाली गेलं. शॉक लागू नये म्हणून विजेच्या पॅनलपुढे जी जाड रबरी चटई अंथरलेली असते, ती मधोमध फाटली होती. चांगली हातभर चीर. नियमाने ही हरकत अगदी पक्की. कुणाला खोटी म्हणता आली नसती.

राजसीनेही ती बघितली. "ही मला दिसलीच नाही," ती पुटपुटली.

सामंतांनी बुटाच्या टोकाने चीर दाबून बघितली.

"चटई उल्हासनगरला तीन नंबर कॅम्पात मिळते," ते म्हणाले. "आज रविवार, दुकानं उघडी असतील. जाड मागा, शिक्का बघून घ्या. आणि ही आजच्या आज काढून टाका. उद्या सकाळी मी तपासणीला येतो."

राजसी त्यांच्याकडे बघत राहिली. "आणि तुमचं काय, सर?"

सामंतांचा फोन पुन्हा वाजत होता. त्यांनी तो कानाला लावला आणि दुसऱ्या हाताने पॅन्ट गुडघ्याशी किंचित वर ओढून खाली बसले.

"हो सर, मीटर रूममध्येच आहे," ते म्हणाले, आणि फाटक्या चटईचं टोक धरून ती गुंडाळायला लागले. "बघितली सगळी. नाही सर. काहीच निघालं नाही."