चारचा एक्सल

“घरघर नाही हो व्हर्लिन, रडत होती गाडी. तिसाच्या वर गेलं की सूर लावायची. काल संध्याकाळी चढावर एकदम गप्प झाली, आणि मग जागची हलेचना.”

“गप्प झाली म्हणजे मागच्या एक्सलमधले दाते गेले,” मी म्हणालो. “रडत होती तेव्हाच यायचंस.”

“आले असते तर काय केलं असतंत?”

“हाच एक्सल विकला असता. बोलणी तेवढी कमी खाल्ली असतीस.”

आर्डिस ब्रेक्के हसली नाही. एरवी हसते. गेली सव्वीस वर्षं ती आमच्या भागात टपाल वाटते. रोजचे एकशे अठरा मैल, त्यातले शंभर तरी मातीचे. गाडी तिची, पेट्रोल तिचं, चिखल तेवढा सरकारचा. तिच्या कंत्राटात वर्षाला एक खाडा चालतो, दुसरा झाला की रस्ता दुसऱ्याला जातो. पहिला खाडा मार्चमध्ये न्यूमोनियात झाला होता, आणि शहरातला एक माणूस अर्ज देऊन टपूनच बसला होता. आज शनिवार. सोमवारी सकाळी सातला तिची सत्याऐंशी सालची पिकअप पोस्टाच्या दारात उभी राहायला हवी होती. आत्ता ती आली होती ते तिचा दीर गेलन याच्या गाडीतून, पण तो उद्या ती गाडी घेऊन तेलाच्या विहिरींवर कामाला परत जाणार होता.

“आहे का तुमच्याकडे? स्पष्ट सांगा.”

“माझ्याकडे चाळीस एकर आहे,” मी म्हणालो. “त्यात काय नाही ते विचार.”

चाळीस एकरांत जुन्या गाड्या, सुटे भाग काढून विकायला. बायको गेल्यापासून मला उलट उत्तर न देणारी तेवढीच मंडळी उरली आहेत. कुंपणाशी आर्डिसच्या गाडीला बसतील असे दोन एक्सल, म्हणजे मागची चाकं फिरवणारे आस, पडले होते. बाहेरून जुळे भाऊ, फरक सगळा आत. एक चारचा, एक साडेतीनचा. म्हणजे चाक एकदा फिरायला पुढून येणारा शाफ्ट एकात चारदा फिरावा लागतो, दुसऱ्यात साडेतीनदा. आर्डिसच्या गाडीला पुढे चारचे दाते आहेत. मागे साडेतीनचा बसवला तर सुक्या रस्त्यावर तिला कळणारही नाही. पण पाऊस पडला, आमची ती चिकणमाती भिजली आणि तिनं चारी चाकं जोडली, की पुढची चाकं एका चालीनं ओढणार आणि मागची दुसऱ्या. मधला गिअरबॉक्स फुटणार, आणि तोही कुठे, तर जिथे हाक मारली तरी गाय सोडून कोणी वळून बघत नाही अशा जागी.

कुठला कितीचा ते सांगायला झाकणाच्या बोल्टाखाली पत्र्याचा एक बिल्ला असतो, त्यावर आकडा ठोकलेला असतो. मी खाली वाकलो, तेलाचं बूच काढलं, बोट आत घालून तेल अंगठ्यावर चोळलं. चकाकणारा एक कण नाही.

“अडीचशे डॉलर,” मी म्हणालो.

“दोनशे. सव्वीस वर्षं तुमची सगळी बिलं वेळेवर आणून टाकतेय मी.”

“त्याचेच तर पन्नास जास्त लावलेत.”

सव्वादोनशेवर जमलं. मी लोडरनं एक्सल गेलनच्या गाडीत ठेवला, पट्टे आवळले, आणि ती गेली. तासाभरानं एक अनोळखी माणूस आला. त्याला ट्रेलर बनवायचा होता, दाते कितीचे याच्याशी त्याला कर्तव्य नव्हतं. दुसरा एक्सल तो घेऊन गेला. नाव मी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही. कुंपणाशी दोन चौकोनी डाग उरले, पिवळ्या गवताचे.

दुपारी सूप गरम केलं आणि चष्म्यासाठी शर्टाच्या खिशात हात घातला, तर हाताला पत्रा लागला. बिल्ला. चार दशांश दहा, म्हणजे चारच्या एक्सलचा.

हा माझ्या खिशात कसा आला?

मी खुर्चीत बसलो आणि सकाळ पहिल्यापासून आठवायला लागलो. आर्डिस आली, हे आठवलं. बूच, तेल, अंगठा, हेही आठवलं. अडीचशे म्हणालो ते आठवलं. बिल्ला काढल्याचं काही केल्या आठवेना. कुठल्या एक्सलचा काढला? तिला दिला त्याचा, तर ठीक. पण तो ट्रेलरवाल्याच्या एक्सलचा असेल, तर चारचा एक्सल त्याच्याबरोबर गेला, आणि आर्डिसच्या गळ्यात मी साडेतीनचा बांधला होता.

खोटं कशाला बोलू, हे पहिल्यांदा होत नव्हतं. उन्हाळ्यात मी बोल्ट आणायला म्हणून गावात गेलो आणि ब्रेड घेऊन आलो. एकदा स्वतःच्याच गेटपाशी कुलपाची किल्ली कोणती ते आठवेना. मुलगी मार्ना तिकडे फार्गो शहरात असते. ती दर रविवारी फोनवर एकच तुणतुणं लावते, बाबा आता धंदा आवरा. जुलैत मी चिडून तिला म्हणालो होतो, “ज्या दिवशी मी गिऱ्हाइकाला चुकीचा पार्ट देईन ना, त्या दिवशी गेटची किल्ली तुझ्या हातात. तोवर बोलायचं नाही.” तिनंही हट्टानं म्हटलं, “शब्द?” मी म्हटलं, “शब्द.” बेचाळीस वर्षांत चुकीचा दाता विकला नव्हता, मला काय माहीत!

आर्डिसला फोन लावला. कोणी उचलला नाही. सूप तसंच ठेवून निघालो.

तिचं घर एकतीस मैल. डोक्यात एकच चाललं होतं, की मोजायचं, डोळ्यांनी बघायचं, आणि चुकला असेल तर तिथेच तोंडानं कबूल करायचं. मग सोमवारचं तिचं काय, ते पुढे बघू. माझी गाडी द्यावी म्हटलं तर तिची पुढची एक काच वरच होत नाही, हिटर नाही, पण चालते. या नादात पांढऱ्या चर्चपाशी वळायचं राहून गेलं. दोन मैल पुढे गेल्यावर डावीकडे तळं दिसलं. इथे तळं नको होतं. गाडी उभी केली, मिनिटभर गच्च डोळे मिटून बसलो, आणि परत फिरलो.

शेडचं दार उघडं होतं. पिकअप ठोकळ्यांवर चढवलेली, मागची चाकं अधांतरी, खालून गेलनचे बूट बाहेर आलेले. एक्सल वर बसवून झाला होता, शाफ्ट जोडायचा बाकी होता. आर्डिस हात पुसत पुढे आली.

“मोजायचंय,” मी म्हणालो. नमस्कार चमत्कार काही नाही.

“काय मोजायचंय?” गेलन खालून ओरडला. “पैसे कमी भरले की काय आमच्या वहिनीनं?”

“दाते. मला खात्री नाही.”

गेलन घसरत बाहेर आला. तोंडाला ग्रीस, डोळ्यांत राग. “व्हर्लिन, चार तास लागलेत मला. नवे बोल्ट घातलेत. आता सांगताय खात्री नाही? तुम्हाला? अहो, इथे लोक लग्नाआधी बायबलावर हात ठेवतील की नाही माहीत नाही, पण तुमच्या दात्यावर डोळे मिटून ठेवतात.”

“गेलन,” आर्डिस म्हणाली, “ते चाक धर.”

ती माझ्याकडे बघत होती. खिशातून खडू काढून तिनं माझ्या हातात दिला आणि स्वतः गाडीखाली सरकली, एक्सलच्या पुढच्या तोंडाशी, जिथे शाफ्ट जोडतात. त्या तोंडावर तिनं फेऱ्या मोजायला ग्रीसचा ठिपका काढला. मी उजव्या चाकावर खडूची रेघ मारली. गेलननं डावं चाक मिठीत घेतलं.

“धरलंय,” तो म्हणाला. “मोजा काय मोजायचं ते. मला उद्या पहाटे निघायचंय.”

मी चाक फिरवलं. जड जात होतं. रेघ वर गेली, मागे गेली, खाली आली, पुन्हा समोर आली. चाक पूर्ण एकदा.

“किती?” मी विचारलं.

“दोन,” खालून आर्डिसचा आवाज आला. “दोन आणि नखभर.”

दोन. चार नाही, साडेतीनही नाही, दोन. हा तर कुठल्याच हिशेबात बसत नव्हता. मी काय उचलून दिलं होतं या बाईला? चाकावरचा हात काढला तर तो खडूनं पांढरा झाला होता, आणि मी त्याच्याकडे बघत उभा राहिलो.

“चुकलं,” मी म्हणालो. “आर्डिस, चुकीचा दिला मी तुला. माझी गाडी घेऊन जा सोमवारी. मी...”

“व्हर्लिन.” ती खालून बोलत होती, अगदी हळू. “अजून एकदा फिरवायचं. एक चाक धरलेलं असलं की दुसरं दोनदा फिरवायचं. मग खरा आकडा येतो.”

गेलननं चाक पुन्हा घट्ट धरलं.

“तुम्हीच शिकवलंत ना मला,” ती म्हणाली. “माझ्या पहिल्या गाडीच्या वेळी. मी एकदाच फिरवून मोकळी झाले होते, आणि तुम्ही केवढे हसला होतात.”

शिकवलं होतं. तिलाच नाही, या भागात ज्याच्या ज्याच्या दारात गाडी आहे त्या प्रत्येकाला शिकवलं होतं. मला घाम फुटला होता, आणि शेडमध्ये तर श्वासाची वाफ दिसत होती. मी पुन्हा चाकाला हात घातला.

“तीन,” आर्डिस म्हणाली.

रेघ खाली गेली.

“थांबू नका. या, या... चार. आणि नखं दोन. चार दशांश दहा, व्हर्लिन! चारचाच आहे.”

मी तिथल्या उलट्या बादलीवर बसलो. हसू आलं आणि डोळ्यांतून पाणीही आलं, आणि मी दोन्हींतलं एकही लपवलं नाही. इतकं हलकं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. बाईची सोमवारची फेरी वाचली होती. माझी किल्ली माझ्या खिशात होती.

“चला,” गेलन म्हणाला, “आता शाफ्ट जोडू की अजून कोणाला शंका आहे?” पण त्याच्या आवाजातली धार गेली होती, आणि गाडीखाली जाता जाता त्यानं माझ्या खांद्यावर थाप मारली. ग्रीसचा पंजा माझ्या कोटावर अजून आहे.

आर्डिसनं मला स्वयंपाकघरात नेलं. कॉफी ओतली, खजुराच्या वड्यांचं ताट पुढे सरकवलं. मी बिल्ला काढून टेबलावर ठेवला.

“हा माझ्या खिशात होता. म्हणून आलो.”

“माहीतेय. सकाळी माझ्यासमोर काढलात. त्याचा बोल्ट झिजला होता, रस्त्यात पडेल म्हणून खिशात टाकलात.” कपावरची नजर न काढता ती पुढे म्हणाली, “आणि तेव्हा मोजलाही होतात. दोनदा फिरवून. मी एक टोक धरलं होतं.”

मला यातलं काही आठवत नव्हतं. डोक्यात खूप शोधलं. त्या जागी काहीच नव्हतं, नुसतं पिवळं गवत.

“मग मघाशी का नाही बोललीस? गेलनला उगाच राबवलं, मला घाम फोडला.”

“बोलले असते तर पटलं असतं तुम्हाला?”

नसतं पटलं. घरी जाऊन रात्रभर छताकडे बघत बसलो असतो. ही बाई मला ओळखून होती. सव्वीस वर्षं माझ्या पेटीत पत्रं टाकते, मार्नाची, डॉक्टरची, बायको गेली तेव्हाची ती सांत्वनाची शंभर कार्डं. वड्या चांगल्या होत्या, मी तिसरी घेतली.

“मार्नाला कळवशील?” मी विचारलं.

“मी टपाल वाटते, व्हर्लिन. बातम्या नाही.”

“मीच सांगेन,” मी म्हणालो. “उद्या तिचा फोन येईल तेव्हा. पार्ट बरोबर दिला हेही सांगेन. आधी तेच सांगेन.”

“सांगा की. बरोबरच दिलात.”

चारच्या सुमारास गेलननं तेल भरलं, बूच आवळलं, गाडी ठोकळ्यांवरून उतरवली. आर्डिस आत बसली, अंगणात एक चक्कर मारली. रडणं नाही, घरघर नाही. गेलननं टोपी हवेत उडवली आणि ती चिखलात पडली.

“मोकळ्या रस्त्यावर पळवून बघायला हवी,” आर्डिस खिडकीतून म्हणाली. “तुमच्या गेटपर्यंत जाऊन येते. तुम्ही मागून या. एक्सलच्या आवाजावर कान ठेवा जरा, तुमचे कान बरे आहेत.”

“एकतीस मैल? चाचणीला दोन मैल पुरतात.”

“मला एकतीस पुरतात,” ती म्हणाली. मग थोडं थांबून, माझ्याकडे न बघता, “मघाशी तुमची गाडी तळ्याच्या अंगानं येताना दिसली. चर्चच्या वळणापलीकडून.”

मी माझ्या गाडीत जाऊन बसलो.

ती पुढे, मी मागे. ऊन अजून होतं, कापलेल्या गव्हाच्या धसांवर पसरलेलं. माझी खिडकी तशीही बंद होत नाही, त्यामुळे कान बाहेरच होते. तीस, चाळीस, पंचेचाळीस. एक्सल निमूट चालला होता. टेकडी चढताना चारचे दाते बरोबर ओढत होते, मला ते खिडकीतून ऐकू येत होतं, आणि मी एकटाच गाडीत मोठ्यानं म्हणालो, “शाब्बास.” कोणाला म्हणालो कोण जाणे.

पांढरं चर्च दिसायला लागलं. अजून पाव मैल होता तोच आर्डिसनं डावीकडे वळायचा दिवा लावला. टिक, टिक, टिक. समोरून कोणी येत नव्हतं. त्या अख्ख्या रस्त्यावर तिच्या मागे माझ्याशिवाय कोणी नव्हतं.

मीही माझा दिवा लावला. माझ्या मागे तर कोणीच नव्हतं.