ओल्या पुठ्ठ्याचा वास

घरात त्याला सगळे नाक्या म्हणत. नाक काही मोठं नव्हतं त्याचं, चारचौघांसारखंच होतं. पण लहानपणापासून पोराची खोड एकच, जे हातात येईल ते आधी नाकाला लावायचं. कोरी वही, धुतलेला टॉवेल, पाहुण्यांच्या चपला. हो, चपलासुद्धा! मामा म्हणायचे, "याला पोलिसात भरती करा, तिथे कुत्र्यांची कमतरता आहे." पुढे हाच नाक्या वाइनचा जाणकार व्हायला निघाला तेव्हा मामांना आणखी चेव आला. मोठ्या हॉटेलांत कुठल्या जेवणाबरोबर कुठली वाइन घ्यावी हे सांगणारा, बाटली उघडून वाढणारा एक माणूस असतो, त्याला सोमेलिए म्हणतात, त्याचं रीतसर शिक्षण असतं, तिथे वाइन नुसती चाखून थुंकून टाकतात, हे नाक्याने त्यांना नीट समजावून सांगितलं. मामांनी मान डोलावून ऐकलं आणि विचारलं, "आणि चाखून झाली की थुंकायची? मग एवढ्या लांब जातोस कशाला?"

पण गेला तो. दादाने जाऊ दिलं म्हणून गेला. वडिलांमागे पुठ्ठ्याच्या खोक्यांचा धंदा दादाच ओढत होता. तळमजल्यावर खोकी बनायची, तिथेच मागच्या खोलीत आई आणि नाक्या झोपायचे, आणि वर दादा-वहिनी. निघताना दादा म्हणाला, "शीक बाबा. नाहीच जमलं तर ये परत. खोकी कुठे पळून जात नाहीत." त्याच्या मनात काही नव्हतं, सरळ माणूस तो. नाक्याला मात्र ते जे झोंबलं ते झोंबलंच.

आता लोकांना वाटतं, वाइनचं शिक्षण म्हणजे काय मजा असेल. कसली मजा! थंडीत संस्थेत वर्ग, आणि हंगाम आला की पाठीला पिशवी लावून या मळ्यातून त्या मळ्यात. द्राक्षं तोडताना कंबरेचा काटा ढिला व्हायचा. पिंपं आतून धुवायला बारीक माणूस लागतो म्हणून याला आत उतरवायचे. गार डोंगरउतारावरची वाइन प्याली की जिभेच्या कडांना पाणी का सुटतं, रणरणत्या सपाटीवरची घशात जड का उतरते, हे तो पुस्तकातून नाही, वाकून वाकून शिकला. शिकला मात्र झकास. डोळे मिटून पेला नाकाशी धरायचा आणि द्राक्षं कुठल्या मातीतली ते सांगायचा. सोबतची मुलं तोंडात बोटं घालायची.

तोंडात बोटं घालायची, पण बरोबर जेवायला कोणी बोलवायचं नाही. त्याला कारणही तसंच होतं. नाक आणि जीभ जपायची म्हणून हा कांदा खायचा नाही, लसूण खायचा नाही, अत्तर लावलेल्या माणसाशेजारी बसायचा नाही. असल्या माणसाला पंगतीला घेऊन करायचं काय? ती सगळी घोळक्याने बाहेर पडायची, जिन्यावरून त्यांचं हसणं खाली खाली जात बंद व्हायचं, आणि हा खिडकीशी बसून कोरडा पाव चावायचा. आईचा फोन यायचा.

"जेवलास का रे?"

"हो."

"काय जेवलास?"

"पाव."

"आणि?"

मग आई उगाच वहिनीचं काहीतरी सांगायची, आणि हा उगाच हसायचा. एकटेपणाची माणसाला सवय होते म्हणतात. याला नाही झाली. गाव बदललं, खोली बदलली की तो पहिल्या दिवशी खोलीचा वास घ्यायचा. रंगाचा वास, साबणाचा, परक्या उशीचा. आपलं म्हणावं असं काहीच नाही.

संस्थेच्या गावात तो एका हॉटेलात संध्याकाळचा कामाला लागला. एके दिवशी तिथल्या मुख्य वाढप्याने एक उघडी बाटली त्याच्या हातात कोंबली. "बूच खराब निघालं हिचं. ओतून दे मोरीत." नाक्याने सवयीने बाटली नाकाला लावली आणि तिथेच उपड्या बादलीवर बसला. काय सांगावं! बुचात दोष असला की वाइनला ओल्या पुठ्ठ्याचा, ओल धरलेल्या भिंतीचा वास येतो, हे त्याने वाचलं होतं. पण हा तर त्याच्या घराचा वास होता. मागची खोली, भिंतीला टेकून रचलेले पुठ्ठ्यांचे गठ्ठे, आईची शाल. सगळं होतं त्या बाटलीत.

त्याने ती मोरीत ओतली नाही. लपवून खोलीवर नेली.

मग ती उशाशीच राहिली. खोली खायला उठली की बूच काढायचं, डोळे मिटायचे, दोन श्वास घ्यायचे, परत लावायचं. पीत नव्हता हो, थेंबही नाही. लोक आईचा फोटो ठेवतात, याने बाटली ठेवली. आंबून गेली की हॉटेलातून दुसरी टाकाऊ आणायची. हसायचं त्याने हसावं, मला तर त्याची फार दया येते.

परीक्षा आली. लेखी सहज सुटली, चाखण्याची तर त्याने गाजवली. उरलं होतं वाढणं. तिघं परीक्षक पाहुण्यांसारखे टेबलाशी बसतात. बाटली उघडायची, आधी स्वतः घोटभर घेऊन वास बघायचा, ठीक असली तरच वाढायची; बिघडलेली असली तर मुकाट्याने बाजूला सारून दुसरी आणायची. पोरखेळ वाटावा एवढं सोपं. पण त्या दिवशी नाक्या पुरता भेदरला होता. त्याने बाटली उघडली, वास घेतला, आणि अंगातली सगळी भीती गेली. खांदे खाली आले. त्याने तिघांना हसतमुखाने वाढलं.

एक परीक्षक म्हणाले, "कशी आहे?"

"फार छान. अगदी जिव्हाळ्याची."

तिघांनी पेले न उचलता बाजूला ठेवले. दोष असलेली बाटली मुद्दाम दिली होती. वर्गातल्या ढ मुलालाही कळली असती ती.

आणखी एकच संधी मिळणार होती, तीही शेवटची. ती हुकली की सामान बांधायचं आणि आयुष्यभर खोकी चिकटवत बसायचं. संस्थेतल्या बाईंनी त्याला बोलावलं. बाई तुटक बोलायच्या, पण त्याच्यावर जीव होता त्यांचा. त्याने काही न लपवता बाटलीचं सगळं सांगून टाकलं. बाईंनी चष्मा पुसून परत लावला.

"वास ओळखतोस ना?"

"ओळखतो."

"मग हात का थांबला नाही?"

"तो वास आला की मला बरं वाटतं, बाई. बरं वाटत असताना हात कसा थांबणार?"

"मग बरं वाटणं थांबव," बाई म्हणाल्या. मग जरा नरमाईने, "ती बाटली आजच टाकून दे. आणि रोज सकाळी माझ्याकडे ये."

बाटली त्याने टाकली. रोज सकाळी बाई दोन पेले मांडायच्या, एक धड, एक बिघडलेला. बिघडलेला नाकाशी नेला की पाठोपाठ धड. बाई म्हणायच्या, बघ, फळांचा वास कुठे गेला? फुलांचा कुठे गेला? एका मळ्याच्या वर्षभराच्या कष्टाचं मातेरं झालंय या पेल्यात. द्राक्षं तोडून मोडलेली कंबर आठव. त्याने आठवली. आधी वास आला की डोळे भरायचे. पुढे नुसताच वास यायचा. मग एका सकाळी पेला नाकाजवळ येताच त्याची मान आपोआप वळली, नाक मुरडलं, हाताने पेला दूर सारला. शिसारी आली. बाई म्हणाल्या, "झालं." त्यांनी त्याची पाठ थोपटली. त्यालाही आनंदच झाला, का होऊ नये?

परीक्षेत पेला पुरता उचलायच्या आतच त्याने बाटली बाजूला सारली. पास झाला. चांगली नोकरी चालून आली. रुजू व्हायच्या आधी आईला भेटून येऊ, म्हणून कितीतरी काळाने तो घरी निघाला.

दादा आणायला आला होता. रस्ताभर कौतुकाने बोलत होता. आई मागच्या खोलीच्या दारात उभी होती, थकलेली, तीच शाल अंगावर. "आलास," एवढंच म्हणाली आणि दोन्ही हातांनी तिने त्याचा चेहरा खांद्यावर ओढून घेतला.

मान वळली. त्याने वळवली नाही हो, आपोआप वळली. नाक मुरडलं, आणि हात आईच्या खांद्यावर जाऊन तिला जरासं दूर सारून मोकळा झाला.

आईचे हात तसेच अधांतरी राहिले. मग तिने शालीचं टोक नाकाला लावून पाहिलं.

"वास येतो का रे?"

"नाही गं. प्रवासाने डोकं चढलंय जरा."

"भिंतीला ओल आहे. आम्हाला नाही कळत आता." तिने शाल काढून खुंटीला लावली. "वर झोप दुपारचा. वहिनीने खोली रंगवून घेतलीय."

"मी इथेच झोपणार, तुझ्याजवळ," नाक्या हट्टाने म्हणाला. लाजेने त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. एवढ्या परक्या खोल्यांत याच खोलीसाठी झुरला होता तो.

जेवण झाल्यावर तो आईशेजारी आडवा झाला. डोळे मिटून त्याने नेटाने श्वास आत ओढला. मान परत वळली. पुन्हा ओढला, पुन्हा तेच. तेव्हा मुकाट्याने तोंड उघडून तो तोंडाने श्वास घेऊ लागला. आई भिंतीकडे तोंड करून पडली होती. झोपली असेल असं त्याला वाटलं.

"नाकाने घे रे श्वास," भिंतीकडे बघतच ती म्हणाली, "घसा सुकेल."

त्याने तोंड मिटलं, आणि लगेच परत उघडलं.

"वर जा बाळा. मला नाही वाईट वाटणार."

तिला वाईट वाटणार होतं, हे त्याला ठाऊक होतं, आणि त्याला ठाऊक आहे हे तिला. तरी तो उठला. उशी काखेत मारून जिना चढू लागला, आणि अर्ध्या जिन्यात ताज्या रंगाचा वास आला तेव्हा त्याला नाकाने मोकळा श्वास घेता आला.