आकाशातील मंगलाष्टक

विमानात फोनवर बोलण्याची मुभा असावी की नसावी, याविषयी लक्ष्मणशास्त्र्यांच्या मनात तिळमात्र संदेह नव्हता. आकाशाचा गुण शब्द, हे शास्त्र खरे. परंतु तो शब्द शेजाऱ्याचा असू नये, अशी पुस्ती ते जोडत. म्हणूनच त्यांनी स्वतःचा फोन सामानात देऊन टाकला होता. त्या नव्या विमानात मात्र बोलण्याची सोय होती. दिल्ली सुटताच शेजारच्या आसनावरील करमाडचे साहेबराव गर्जू लागले, "कडुबा, टँकर बजाजनगरला वळव, लोकं घागरी घेऊन उभी हायेत." तेव्हा शास्त्रीबुवांनी हवाई सेविकेकडे तक्रार करून त्यांना गप्प करविले.

शास्त्रीबुवा निघाले होते नातीच्या लग्नाला. चारुता एका दुष्काळात जन्मली आणि दुसऱ्या दुष्काळात बोहल्यावर चढत होती. शेवटचे मंगलाष्टक आजोबांनी रचलेले आणि आजोबांच्याच मुखातून. त्यावाचून अंतरपाट दूर होऊ देणार नाही, असे तिने बजावले होते. मुहूर्त अभिजित, म्हणजे भर मध्यान्हीचा.

आणि चिकलठाणा विमानतळाच्या माथ्यावर येऊन विमान घिरट्या घालू लागले. खाली धुळीचे वादळ उठले होते. नव्या वसाहती, बीड बायपासची मंगल कार्यालये, सारे पिवळ्या पडद्याआड गेले होते. शास्त्रीबुवांनी घड्याळ पाहिले. मुहूर्ताला थोडीच मिनिटे उरली होती.

"साहेबराव," ते हळूच म्हणाले, "आपला फोन क्षणभर मिळेल का?"

"आता आवाज नाय का व्हायचा, शास्त्रीबुवा?"

शास्त्रीबुवांनी खाली मान घालून सारे सांगितले. साहेबरावांनी फोन त्यांच्या हाती ठेवला. "नंबर पाठ हाय न्हवं? घरच्या बाईचा तरी असंल."

पाठ होता. पलीकडून यमुनाबाईंचा आवाज आला, "अहो, गुरुजी खोळंबलेत, अंतरपाट धरणाऱ्यांचे हात दुखायला लागलेत. आहात कुठे तुम्ही?"

"तुम्हा सर्वांच्या डोक्यावर. फोन ध्वनिवर्धकापाशी धर."

त्यांनी दबल्या स्वरात आरंभ केला, तोच साहेबरावांनी कोपराने ढोसले. "तोंडातल्या तोंडात नका म्हणू. टँकरवाल्याला सांगावं तसं सांगा. लई खाली जायचंय."

मग शास्त्रीबुवांनी गळा मोकळा सोडला. "दुष्काळी फुलली घरात कलिका, जाते नव्या अंगणी..." आवाज सत्तरीतला, पण खणखणीत. पुढच्या रांगांतील माना वळल्या. चौथा चरण संपला आणि 'शुभमंगल सावधान' म्हणायला अर्धे विमान त्यांच्या सोबतीला आले. साहेबरावांनी चुरमुऱ्यांची पुडी फोडून अक्षता उधळल्या. फोनमधून सनई-चौघडा उसळला. ज्या हवाई सेविकेकडे तक्रार गेली होती, ती चुरमुरे वेचता वेचता हसत होती.

शास्त्रीबुवांनी उपरण्याने डोळे टिपले, फोन पुसला आणि दोन्ही हातांनी परत केला.

"आता कडुबाला लावा," ते म्हणाले. "बजाजनगरला पाणी पोहोचले का, ते विचारा. जरा मोठ्याने विचारा. मलाही ऐकायचे आहे."