प्लगच्या खोबणीतलं पाणी

गाडी गेटातून बाहेर काढतानाच धम्मप्रियाला कळलं, काहीतरी बिनसलंय. स्टिअरिंग हातात थरथरत होतं. इंजिन चालता चालता मध्येच एक ठोका गिळत होतं आणि समोर पिवळा दिवा लुकलुकत होता. गाडी मिसिंग करत होती. मुरुडच्या पंपावर जाऊन पेट्रोल भरून यायचं, एवढंच काम होतं. उद्या सकाळी नवऱ्याला, रविकांतला, डायलिसिससाठी लातूरला न्यायचं होतं. तिने गाडी तशीच मागे घेऊन दारात लावली.

आपण पार सीटच्या टोकाला येऊन बसलोय, हे तिच्या तेव्हा ध्यानात आलं. सीट मागे सरकवलेली होती.

गाडी ती एकटीच चालवायची. दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाल्यापासून रविकांतने स्टिअरिंगला हात लावला नव्हता. मग सीट कुणी सरकवली? ती सकाळपासून शाळेत होती. पोरांचे धडे घेत होती, आणि इकडे कुणीतरी लांब पायांचा माणूस तिच्या गाडीत बसून गेला होता.

तिने बॉनेट उघडलं. इंजिन लखलखत होतं. मुरुडच्या रस्त्यांची धूळ, तेलाचे जुने डाग, सगळं गायब. शांपूचा वास येत होता. बॉनेट तसंच उघडं ठेवून ती घरात गेली.

रविकांत बाजेवर आडवा होता, टीव्ही चालू होता.

"आज गाडी कुणी नेली व्हती का वो?"

"गाडी? न्हाई. कोण नेतंय?" तो टीव्हीकडे बघतच म्हणाला.

"विनोद भावजी आलते का?"

"आलता. चहा पिऊन गेला."

धम्मप्रियाला किल्ली आठवली. मघाशी घेतली तेव्हा ती दाराजवळच्या खिळ्यालाच होती, नेहमीसारखी. फक्त तिची खूण असलेला निळा मणी भिंतीकडे वळलेला होता. ती कधी तसा अडकवत नसे.

विनोद तिचा धाकटा दीर, उंचापुरा. रविकांतचं बसस्टँडजवळचं झेरॉक्सचं दुकान तो आजारी पडल्यावर विनोदकडे गेलं. 'तात्पुरतं' म्हणून गेलं आणि मग पाटीवरचं नावही बदललं. दिवाळीपासून त्याने नवं टुमणं लावलं होतं. "वैनी, ही गाडी इकून टाका. येष्टी हाय, रिक्षा हाय. कशाला जिवाला घोर?" तिने दर वेळी हसून सोडून दिलं होतं. आता ते सगळं तिला वेगळंच ऐकू यायला लागलं. गाडी रोज बिघडली, तर बाई किती दिवस तग धरणार? वैतागून एक दिवस म्हणेलच, न्या एकदाची.

तिने त्याला फोन लावला.

"जय भीम वैनी."

"जय भीम. भावजी, गाडीला हात लावला व्हता का आज?"

पलीकडे झेरॉक्स मशीनचा आवाज येत राहिला. "म्या? न्हाई बा. का?"

"काही न्हाई. सहज."

म्हणजे दोघंही खोटं बोलत होते. निदान एक तरी नक्की. रविकांतला औषधांनी गुंगी असते, त्याचा डोळा लागल्यावर विनोदने गुपचूप किल्ली उचलली असेल, असं तिने स्वतःला समजावलं. पण मग धुतली कशाला? पुरावा पुसायला? तिला स्वतःचाच विचार जरा अती वाटला, तरी तो डोक्यातून जाईना.

मेकॅनिककडे न्यायचं तिच्या मनातच आलं नाही. कोपऱ्यावरचं गॅरेज विनोदच्या मित्राचं होतं. शिवाय इंजिन तिला नवं नव्हतं. माहेरी इस्लापूरला तिच्या बाबांची जीप होती, सहस्रकुंडाचा धबधबा बघायला येणाऱ्या लोकांची ते ने-आण करायचे. पावसाळ्यात ती जीप सारखी मिसिंग करायची. बाबा म्हणायचे, एकेका सिलिंडरला गप्प कर. ज्याला गप्प केल्यानं इंजिनाला काहीच वाटत नाही, तोच काम करत नाही, समजायचं.

तिने साडीचा पदर खोचला, इंजिन चालू केलं आणि वरच्या, प्लगला ठिणगी देणाऱ्या कॉइलींपैकी पहिलीचा वायरचा चिमटा काढला. इंजिन लगेच अडखळलं. परत लावला. दुसरीचा काढला, तसंच झालं. तिसरीचा काढला आणि कान देऊन उभी राहिली. इंजिन जसं रडतखडत चाललं होतं, तसंच चालत राहिलं. काही म्हणजे काही फरक नाही.

"सापडलास," ती पुटपुटली.

इंजिन बंद करून, थोडं निवल्यावर तिने तिसरी कॉइल उपसली. तिच्या खालच्या रबरी नळीतून पाण्याची धार लागली. आत बघितलं, तर प्लग ज्या खोल खोबणीत बसतो, ती खोबण गढूळ पाण्याने भरलेली. ठिणगी प्लगपर्यंत पोचायच्या आधीच पाण्यातून भलतीकडे जात होती. आता धुण्याचा आणि मिसिंगचा संबंध लागला. कुणीतरी गाडी वॉशिंग सेंटरला नेऊन इंजिनावर जोराच्या पाइपाने पाणी मारलं होतं.

तसाच प्लग काढला असता तर सगळं पाणी सिलिंडरमध्ये उतरलं असतं. रविकांतला रक्तवाढीचं इंजेक्शन घरीच द्यावं लागायचं, त्यामुळे सिरिंजा घरात होत्या. सलाईनच्या नळीचा तुकडा सिरिंजला जोडून तिने खोबणीतलं पाणी थोडं थोडं ओढून काढलं, मग सळईला फडकं गुंडाळून आतून पुसून घेतलं. प्लग-पान्याने प्लग सोडवला. त्याच्या पांढऱ्या चिनीमातीवर करडी, जळकी रेघ उमटलेली होती. तो परत लावून उपयोग नव्हता. डिकीत जादा प्लग होता. कॉइलचं रबर पुसून तिने उन्हात ठेवलं.

ते वाळेपर्यंत तिने विनोदला परत फोन केला. "लगेच घरी या," एवढंच म्हणाली.

तो आला तेव्हा ती गाडीपाशीच उभी होती. हात काळे, कपाळाला तेल. काढलेला प्लग तिने त्याच्यापुढे धरला.

"कुठल्या सेंटरला धुतली?"

विनोदने प्लगकडे बघितलं, मग घराच्या दाराकडे. "वैनी, तुमचा गैरसमज व्हऊन राहिला."

"दुकान घेतलं, म्या काही बोलले का? आता गाडी पायजे? तर तोंडानं मागा. अशी मोडून कशाला घेता?"

"मला काय करायची गाडी!" त्याचा आवाज चढला. "माझ्यापाशी मोटारसायकल हाय. दादाला इचारा. म्या काही सांगणार न्हाई, शपथ घातलीय त्यानं."

ती वळली. रविकांत दारात येऊन भिंतीला टेकून उभा होता. किती वेळ झाला होता कोण जाणे.

"म्याच धुवायला सांगितली," तो म्हणाला. "औशाचं एक गिऱ्हाईक बघायला येणार व्हतं. घाण गाडी कोण घेतंय?"

धम्मप्रियाने हातातला प्लग खाली ठेवला. एवढा वेळ ती विनोदवर संशय घेत होती, आणि जो बाजेवर पडून टीव्ही बघत होता, त्याच्यावरचा संशय तिने स्वतःच झटकून टाकला होता.

"मला न इचारता? का?"

"गाडी न्हाई म्हणल्यावर तू मला डायलिसिसला नेऊ शकली नसतीस. येष्टीचे धक्के मला झेपत न्हाईत."

विनोद खाली बघायला लागला.

"लई झालं प्रिया," रविकांत म्हणाला. "त्या मशीनवर पायात गोळे येतात, कुणी पिळून काढल्यावाणी. घरी आलो की दुसरा दिवस निस्ता पडून जातो. तुला सांगितलं असतं, तर तू ऐकलं असतंस का?"

"न्हाई," ती म्हणाली. "पण तुमी सांगायला पायजे व्हतं. माझ्या माघारी गाडी इकायची, अन् म्या समजायचं की आता काही इलाज न्हाई? असं मारायचं ठरवलं व्हतं व्हय स्वतःला, मला न कळता?"

रविकांतने भिंतीचा आधार घट्ट धरला. उन्हाने म्हणा की कशाने, त्याचा चेहरा पिवळा पडला होता. विनोदने पुढे होऊन त्याला धरून खुर्चीत बसवलं.

ती गाडीकडे वळली, कारण तिथे निदान काय करायचं ते तिला ठाऊक होतं. नवा प्लग आधी हाताने फिरवून, मग पान्याने बसवला. वाळलेली कॉइल दाबली, चिमटा लावला. किल्ली फिरवली. इंजिन दोनदा खोकलं आणि मग सरळ, एका लयीत चालायला लागलं. तिने हात इंजिनाच्या कडेला ठेवून बघितला. थरथर थांबली होती. तरी तिने पुन्हा तिसरीचा चिमटा काढून इंजिन अडखळतंय ना याची खात्री केली. आज तिला कुणावरच भरवसा ठेवावासा वाटत नव्हता.

"उद्या आपण जायचं," ती रविकांतला म्हणाली. "जायचं न्हाई, हे तुमी डॉक्टरांच्या तोंडावर म्हणा. ते हाव म्हणले, तर म्या स्वतः औशाला गाडी नेऊन देते."

त्या रात्री दोघंही फारशी जेवली नाहीत. सकाळी ती उठली तेव्हा तो आंघोळ करून तयार होता. पंपावर पेट्रोल भरून निघाल्यावर लातूरच्या वाटेवर ती एक कान इंजिनाकडे देऊन होती, आणि अधूनमधून चोरून त्याच्याकडे बघत होती. दार उघडून उतरून जाईल की काय, अशीही एक भीती होती.

डॉक्टरांपुढे तो आधी हातातल्या फायलीचे कागदच चाळत बसला. तिने त्याच्या वतीने बोलायचं नाही असं ठरवलं होतं. ते तिला फार जड गेलं. शेवटी तोच म्हणाला, "साहेब, मला हे बंद करायचंय." आणि मग पायात येणाऱ्या गोळ्यांचं, पडून राहण्याचं, सगळंच सांगितलं.

"हे इतके दिवस का नाही बोललात?" डॉक्टरांनी चष्मा काढला. "तुमचं जादा पाण्याशिवायचं वजन धरताना आमचा अंदाज चुकतोय. पाणी गरजेपेक्षा जास्त ओढलं जातंय, म्हणून गोळे येतात. आज कमी ओढू, हळू ओढू. थोडे दिवस बघा. मग बंद करायचं की नाही ते तुम्हीच ठरवा."

रविकांतने धम्मप्रियाकडे बघितलं. ती खिडकीबाहेर बघत होती.

दुपारी तो मशीनवरून उठला, तेव्हा तिने सवयीने पुढे होऊन खांदा दिला. "र्‍हाऊ दे," तो म्हणाला, आणि भिंतीला हात लावत, हळूहळू पण स्वतःच्या पायांनी, पार्किंगपर्यंत चालत आला. वाटेत एकदा थांबून त्याने पोटरी चाचपून बघितली, जणू त्याचा अजून विश्वास बसत नव्हता.

"गोळा आला का?" तिने विचारलं.

"न्हाई," तो म्हणाला. "पण आत्ताच काही सांगता येत न्हाई."

"हाव, बघू की थोडे दिवस," धम्मप्रिया म्हणाली आणि तिने त्याच्यासाठी दार उघडलं.