वाळू पडायच्या आत

समुद्रातून वाळू ओढणारं जहाज आलं तेव्हा सगळा किनारा खूश झाला. एकटा कानसेन तेवढा नाही.

लोक खूश का होणार नाहीत? लाटांनी किनारा इतका खाल्ला होता की भरतीला पाणी थेट फिरायच्या रस्त्याच्या भिंतीला टेकायचं. हॉटेलवाले हवालदिल, छत्र्या-खुर्च्या भाड्याने देणारे हवालदिल. शेवटी नगरपालिकेने हात सैल सोडला. आता जहाज तळातून वाळू उपसणार, लहान पोर आत रांगत जाईल एवढ्या जाड पाइपातून ती किनाऱ्यावर ओतणार आणि बुलडोझर ती पसरणार. जुनी वाळू जाईल दीड पुरुष खाली. वर नवी, कोरी. पेपरात फोटो आला आणि लोकांनी वा वा केलं.

अहो, पण जुन्या वाळूत जे होतं त्याचं काय? विचारणारा एकच होता आणि त्याला सगळे अर्धवट समजायचे.

कानसेन हे काही त्याचं खरं नाव नव्हे. जन्मभर तो पाणीपुरवठा खात्यात गळत्या शोधायच्या कामावर होता. रस्त्यावर लोखंडी कांब टेकवायची, वरच्या टोकाला कान लावायचा आणि खाली पाइप कुठे झिरपतोय ते ऐकायचं. खात्यातल्या पोरांनी चेष्टेने हे नाव ठेवलं आणि त्यालाही ते मनातून आवडायचं. रिटायर झाल्यावर कानाला काही चाळा हवा म्हणून त्याने धातू शोधायचं मशीन घेतलं. लांब दांडा, खाली थाळीएवढं चक्र, कानाला हेडफोन. वाळूवरून चक्र फिरवत चालायचं, खाली धातू असला की कानात कुई होतं, मग जाळीच्या खोऱ्याने उकरायचं. नाणी मिळायची, चाव्या मिळायच्या, एकदा तर कुणाचा सोन्याचा दात मिळाला. बायको म्हणाली, "दात आणलात, आता तोंडही शोधून आणा."

पुढे ती आजारी पडली, दवाखान्यात बरेच दिवस होती आणि गेली. तिची लग्नातली अंगठी लेकीकडे आली. लेकीने ती काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात घातली आणि वर्ष भरायच्या आत याच समुद्रावर, जीवरक्षकाच्या मचाणापाशी, पोहून येऊन बसली असताना वाळूत घालवली.

तेव्हा कानसेन नको ते बोलून गेला. "आईची म्हणून एक वस्तू होती. तेवढीसुद्धा सांभाळता आली नाही तुला."

लेक उठली. पिशवी उचलली आणि निघून गेली. ती गावाच्या दुसऱ्या टोकाला दातांच्या दवाखान्यात कामाला होती, बसने फार लांब नव्हे. पण त्यानंतर तिने बापाच्या घराची पायरी चढली नाही. फोन करायची. गोळ्या घेतल्या का, जेवलात का, ठेवते. एवढंच. त्यापेक्षा तिने चार शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं.

माफी मागायची म्हटलं की कानसेनच्या जिभेला कुलूप लागायचं. तसा तो वाईट माणूस नव्हता, पण ते काही त्याला जमायचं नाही. म्हणून त्याने मनाशी धरलं होतं, अंगठी शोधायची, लेकीच्या दारात जायचं आणि तिच्या तळहातावर ठेवायची. बाकी बोलायची गरजच पडणार नाही. दोन उन्हाळे तो या एका गोष्टीच्या मागे होता.

आणि आडवा आला कचरा! लोक समुद्र बघायला येतात म्हणे. कसला समुद्र न् काय! येतात, खातात, पितात आणि उरलंसुरलं तिथेच गाडून जातात. बाटल्यांची बुचं, कॅनच्या कड्या, चॉकलेटची चांदी, मांस भाजायच्या पातळ पत्र्याच्या थाळ्या. वर साफसफाईचा ट्रॅक्टर असा गुणाचा की कॅन उचलायच्या ऐवजी त्याचे तुकडे करून वाळूत कालवून जायचा. मशीनला बिचाऱ्याला काय कळतंय? ते सगळ्यालाच कुई करायचं. कानसेन गुडघे टेकायचा, उकरायचा आणि हातात यायचं बूच. उठायचा, दोन पावलं जायचा, पुन्हा बूच. नाकी नऊ आले.

त्याचा जोडीदार, एक रिटायर पोस्टमन, कंटाळून मशीन विकून मोकळा झाला. म्हणाला, "अरे, हा किनारा नाही, उकिरडा आहे. आणि नवी वाळू आली की काय मिळणार तिथे? माशांचे काटे! सोड नाद."

कानसेनने नाद सोडला नाही. त्याने गाळणी लावली. मशीनवर एक बटण असतं, ते फिरवलं की ठरावीक आवाजाच्या खालचं सगळं मशीन गिळून टाकतं, कानात येऊच देत नाही. त्यालाच तो गाळणी म्हणायचा. आपल्या बोटातली अंगठी काढून त्याने वाळूत पुरली आणि बटण बेताबेताने फिरवलं. नवराबायकोच्या अंगठ्या एकाच दुकानातल्या, जोडीच्या. तिची जरा लहान, म्हणून थोडी सूट ठेवली. पुरलेली अंगठी खणखणीत वाजली आणि चांदी, पत्रे, कड्या गप्प बसल्या. गुडघ्यांना आराम पडला. दोन उन्हाळे त्याने मचाणाभोवतीची वाळू अशी विंचरून काढली. अंगठी काही वाजली नाही.

पाइप आता मचाणाच्या अलीकडे येऊन ठेपला होता. कानसेनने सुपरवायझरला गाठलं. तो मुलगा तसा भला होता. म्हणाला, "काका, दुपारी भरती लागायच्या आत काय ते उरका. एकदा वाळू सुटली की माझ्या बापालाही थांबवता येणार नाही."

मशीनला फार तर हातभर खोलीचं ऐकू येतं. दीड पुरुष म्हणजे संपलंच. कानसेनने लेकीला फोन लावला.

"तू बसली होतीस ती जागा नेमकी दाखव. आज शेवटचा दिवस आहे."

 मग ती म्हणाली, "येते."

आणि खरंच आली. दवाखान्याच्या निळ्या कपड्यांतच आली, केस पिंजारलेले, डोळ्यांखाली काळं. कानसेनच्या मनात आलं, पोर किती वाळली. म्हणाला मात्र, "बस उशिरा मिळाली वाटतं."

"मिळाली वेळेवर. इथे बसले होते मी. मचाणाची शिडी माझ्या उजव्या हाताला होती."

तो कामाला लागला. ती मागे मागे चालत होती आणि पायाखाली येणारे कॅनचे तुकडे पिशवीत भरत होती. कानसेनला आतून फार बरं वाटत होतं. लेक बरोबर होती, ऊन कोवळं होतं, मशीन गप्प होतं. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच त्याला वाटलं की आज मिळणार.

एक फेरी झाली. दुसरी झाली. एक जुनं नाणं निघालं, बस्स. पलीकडे कामगार पाइपाचा पुढचा तुकडा जोडायला लागले होते.

"दोरा कच्चा होता का गं?" त्याने विचारलं. उगाच, काहीतरी बोलायचं म्हणून.

"दोरा कुठे तुटला? दोरा तसाच होता गळ्यात. अंगठी निसटली."

"दोऱ्यातून अंगठी कशी निसटेल?"

"फट होती ना. कापलेली नव्हती का ती!"

कानसेन थांबला. हेडफोन काढून गळ्यात घेतला. "काय होती?"

"कापलेली." लेक त्याच्याकडे बघत राहिली. "बाबा, आईची बोटं सुजली होती. अंगठी रुतायला लागली तेव्हा नर्सने कटरने कापून काढली. तुम्हाला माहीत नाही?"

"तू मला सांगितलं नाहीस."

"सांगायचं काय त्यात? तिच्या उशाशी वाटीत ठेवलेली होती, ती जाईपर्यंत. तुम्ही रोज येत होतात की. मी म्हटलं, बघितलीच असेल. नंतर जोडून घेणार होते, पण हात धजावला नाही. होती तशी राहू दिली."

कानसेन रोज जायचा, हे खरंच होतं. जायचा, पलंगाच्या पायथ्याशी उभा राहायचा, मग खिडकीपाशी, मग डॉक्टरांना काही विचारून येतो म्हणून बाहेर. बायकोच्या चेहऱ्याकडे बघवायचं नाही म्हणून तिच्याकडेच बघायचा नाही. हात तर त्याने हातात घेतलाच नव्हता. घेतला असता तर बोट मोकळं लागलं असतं.

आता अंगठीचं सांगायचं, तर मशीनला सोनं कळत नाही, कडं कळतं. कडं अखंड असलं तर खणखणीत वाजतं. त्याला चीर पडली की तेच सोनं चॉकलेटच्या चांदीएवढं कुजबुजतं. हे कानसेनला ठाऊक नव्हतं असं नाही, नवशिक्यांना तोच हे शिकवायचा. म्हणजे दोन उन्हाळे तो त्या अंगठीवरून चक्र फिरवत गेला असणार. कितीदा गेला असेल, देव जाणे. आणि प्रत्येक वेळी तिचा आवाज त्याने स्वतःच्या हाताने बंद करून ठेवला होता.

 बटण त्याने उलटं फिरवलं, शून्यावर आणलं.

किनारा एकदम किंचाळला. एक पाऊल टाकायची सोय नव्हती. चक्र हलवलं की कुई, थांबलं तरी कुई, इथे, तिथे, कानठळ्या बसाव्यात असं. त्याने गुडघे टेकले आणि उकरायला लागला. बूच. चांदी. पत्रा. चांदी.

"बाबा, कुठे खणू?"

"कुठेही खण! सगळीकडे खण!"

लेकीने पिशवी टाकली आणि नुसत्या हातांनी वाळू उपसायला लागली. एका पत्र्याने तिचं बोट कापलं, ते तोंडात धरून ती दुसऱ्या हाताने उपसत राहिली. दोघांच्या मध्ये कचऱ्याचा ढीग झाला. चांदीचा प्रत्येक कपटा कानसेन उन्हात धरून बघायचा आणि टाकून द्यायचा. मचाणाभोवती खड्डेच खड्डे झाले, आणि न खणलेली वाळू अजून कितीतरी होती.

सुपरवायझर दोनदा आला आणि घड्याळ बघून परत गेला. तिसऱ्यांदा आला तेव्हा त्याने कानसेनच्या खांद्याला हात लावला. "काका, पाणी चढायला लागलंय. उठा आता."

"थोडा वेळ थांब रे. एवढा कोपरा."

"नाही हो जमणार."

कानसेन उठेना. शेवटी लेकीने त्याला काखेत हात घालून उठवलं आणि भिंतीपर्यंत नेलं. पाइप आधी नुसता गुरगुरला, मग काळं पाणी ओकला आणि मग वाळू आली. भसाभसा आली. करडी, ओली, शिंपल्यांच्या चुऱ्याची. पहिल्या लोटातच त्यांचे खड्डे बुजले.

दोघं भिंतीवर बसून बघत होते. लेकीच्या बोटातून अजून रक्त येत होतं. कानसेनने खिशातला रुमाल काढला आणि तिचा हात आपल्या मांडीवर घेऊन बांधायला लागला. गाठ काही त्याला नीट मारता येईना.

"खूप दुखलं का गं तिला? कापताना?"

"नाही. कापायच्या आधी तिने नर्सला थांबवून ठेवलं होतं. म्हणाली, ह्यांना येऊ दे, ह्यांनी घातलीय, ह्यांच्यासमोर काढा."

"मग?"

"तुम्हाला फोन लावला मी. तुम्ही उचलला नाही. तुम्ही समुद्रावर होतात, कानात हेडफोन असेल." लेकीने हात काढून घेतला नाही. "नर्स बराच वेळ थांबली. मग आईच म्हणाली, राहू दे, कापा. मी थांबले होते ते ह्यांना कळवू नका."

बुलडोझर पुढे झाला आणि मचाणाच्या पायाशी वाळू सपाट करायला लागला. कानसेन रुमालाची गाठ तशीच धरून बसला होता. त्याला रडू फुटलं तेव्हा त्याने तोंड फिरवलं नाही.