मधल्या वयाचं तोंड

सरकारी दवाखान्यात दातांच्या खोलीबाहेर भिंतीवर एक दात रंगवलेला आहे. त्याला हात आहेत, पाय आहेत, पायांत लाल बूट आहेत आणि तो हसतो आहे. दाताला कुठे दात असतात? पण ह्याला आहेत, आणि सगळे धड. मला पहिल्या भेटीपासून त्याचा राग आहे.

त्याच्या बुटांखालच्या बाकावर आम्ही चौघं बसलो होतो. एका टोकाला आमची ठमी, दुसरीत जाणारी, गालाला हात लावून. दुसऱ्या टोकाला सासूबाई. त्यांची कवळी त्यांच्या रुमालात. मध्ये मी, आणि माझ्या शेजारी हे. ह्यांचा वरचा ओठ इतका सुजला होता की नाकाला टेकेल असं वाटत होतं.

हे बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतात. त्या वाद्याचं तोंडात धरायचं टोक पक्ष्याच्या चोचीसारखं असतं; आमच्या घरात त्याला चोचच म्हणतात. वरचे पुढचे दोन दात चोचीवर टेकवायचे, खालचा ओठ आत दुमडून तिच्याखाली गादी करायची, आणि मग फुंकर. लोकांना वाटतं सूर फुंकरीतून येतो. येतो फुंकरीतूनच, पण टांगलेला असतो त्या दोन दातांवर, पाळणा दोन दोऱ्यांवर टांगावा तसा.

त्यातला उजवा हिवाळ्यात ठणकायला लागला. तेव्हा ह्यांनी काय करावं? चोच सरकवून सगळा भार डाव्या दातावर घेतला, आणि चोचीवर सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवला. बँडमधले म्हणाले, वा, काय डोकं चालवलंय! वरातीच्या वराती ह्यांनी त्या एका दातावर वाजवल्या. उजवा काही बरा झाला नाही. डावा मात्र हलायला लागला. जिभेने ढकलला की पुढे-मागे व्हायचा, सैल झालेल्या खिळ्यासारखा. मग बँडमास्तर घरी आले, चहा घेतला, आणि कप खाली ठेवता ठेवता म्हणाले, "नाहीच जमलं तर झांजा आहेतच की. त्याला काय दात लागतात?" हे हसले. मास्तर गेल्यावर वाद्य पुसत बसले, पुसून झालेलं वाद्य पुन्हा पुसत बसले.

काचेच्या दाराच्या दवाखान्यातही जाऊन आलो होतो आम्ही. तिथे भिंतीएवढ्या पेटीत मासे होते. टेबलामागच्या मुलीने गोड हसून दात वाचवायचं किती होईल ते सांगितलं. आम्ही बाहेर आलो. मग हे म्हणाले, "मासे छान होते."

म्हणून हा बाक.

खिडकीतल्या कारकुनाने ठमीचा कागद केला, सासूबाईंचा केला, आणि ह्यांच्याकडे बघून विचारलं, "वय?"

"बेचाळीस."

"म्हणजे काढणं."

"काढायचा नाहीये हो," मी म्हटलं, "वाचवायचाय."

"वाचवतो ते बारा वर्षांच्या आतल्यांचे. साठच्या पुढच्यांना कवळी देतो. मधल्यांचे काढतो." त्याने हे असं सांगितलं, जणू बस कुठे थांबते ते सांगतोय.

"आणि मधल्यांनी खायचं कशाने?"

"बाई, मागे रांग आहे."

सासूबाई माझ्या खांद्यावरून पुढे झुकल्या. "का रे बाबा, तू कितीचा?"

"अडतीस. का, आजी?"

"काही नाही. तोंड सांभाळ हो."

रांग हसली. तो नाही हसला. कागदावर शिक्का मारला, 'फक्त काढणे', आणि तो इतक्या जोरात की पलीकडे उमटला.

ठमीला आधी आत घेतलं. डॉक्टर तरुण होत्या, डोक्याला कागदी टोपी, डोळ्यांखाली झोपेची उधारी. ठमी खुर्चीत चढली आणि आजीचा हात सोडेना. सासूबाईंनी त्यांच्या त्या बिनदाताच्या, हवेने भरलेल्या आवाजात तिला गुणगुणून दाखवलं:

पहिला गं दात, बाळ हसता दिसला
अंधाऱ्या घरात, दिवा कोनाड्यात बसला

"आजी, 'बसला' म्हण ना नीट, 'बफ्फा' काय!" ठमी खिदळली, तोंड उघडं पडलं, आणि डॉक्टरांचा हात अलगद आत गेला. काय हात होता तो! कीड कोरली, धुतलं, मसाला भरला, निळा उजेड धरला. पोरीला कळलंसुद्धा नाही. दुधाचा दात आहे, पडायचाच आहे, तरी जपला. माझी त्याबद्दल काही तक्रार नाही. पोरीचा दात वाचला, त्या डॉक्टरांचं भलं होवो. मी फक्त बघत होते. हात होता, मसाला होता, खुर्ची होती, उजेड होता.

सासूबाईंची पाळी आली. त्यांनी रुमाल उलगडला आणि कवळी घातली. ती त्यांच्या तोंडात अशी दिसते, जशी पाहुणीबाई दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात. डॉक्टरांनी दाबून पाहिली, म्हणाल्या, "टोचतेय थोडी. घासून देते. बाकी सवय होईल, आजी."

"सवय मला झालीच आहे गं," सासूबाई म्हणाल्या, "दात नसण्याची."

मग हे बसले. डॉक्टरांनी आरशाची काडी आत घातली, वाकून पाहिलं, आणखी वाकून पाहिलं.

"उजव्याच्या मुळाशी पू झालाय. मूळ साफ करून भरला तर राहील हा दात. डावा हलतोय, त्याला थोडी कीडही आहे, पण आतून जिवंत आहे."

"मग करा ना," मी म्हटलं.

"मोठ्यांचं इथे फक्त काढता येतं."

"सामान नाहीये?"

डॉक्टरांची नजर काचेच्या कपाटाकडे गेली. "सामान आहे."

"मग? येत नाही तुम्हाला?"

"येतं." त्यांचे कान लाल झाले. "परवानगी नाही. वरून."

"वर म्हणजे कुठे, आभाळात?"

"दुसऱ्या मजल्यावर."

दुसऱ्या मजल्यावर तर जाता येतं. मी पदर खोचला. "मी आलेच. तोवर ह्यांना हात लावू नका. आणि अहो, तुम्ही बाहेर बाकावर बसा. आई, ह्यांच्याकडे लक्ष ठेवा."

"अगं, कशाला उगाच," हे सुजल्या ओठातून म्हणाले. आयुष्यभर ह्यांचं हेच. ह्यांचा सूर गल्लीभर जातो, पण हक्काचं बोलायची वेळ आली की 'कशाला उगाच'.

मोठ्या साहेबांच्या खोलीचं दार उघडं होतं, बाहेर खुर्च्यांवर माणसं खोळंबली होती. शिपाई उठायच्या आत मी आत. साहेब बिस्किट खात होते. कुर्रकन् आवाज आला. मी कपड्यांना काजं करते, दिवसभर दोरा दातांनी तोडते, त्यामुळे कुणाच्या दातांत किती जोर आहे ते मला आवाजावरून कळतं. ह्या माणसाचे दात पहिल्या प्रतीचे होते.

मी सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. ऐकण्याचीही एक नोकरी असते. मग म्हणाले, "हे पाहा बाई, लहान मुलं म्हणजे उद्याची पिढी. वृद्ध म्हणजे आपला आधार. मधले लोक कमावते असतात. ते बाहेर करून घेतात."

"हे कमावतात ते ह्याच दातांवर, साहेब. दात गेला की कमाई गेली. मग साठीपर्यंत आम्ही तोंड शिवून बसायचं का?"

"काय करतात मिस्टर?"

"क्लॅरिनेट वाजवतात."

"अच्छा, म्हणजे छंद आहे."

"पोट आहे!"

बाहेरच्या खुर्च्यांवरची कुजबुज थांबली. साहेबांनी दाराकडे पाहिलं. "हळू बोला. नियम मी केलेला नाही."

"मग मोडायला तुमचं काय जातं? खाली हात आहे, मसाला आहे, माणूस खुर्चीजवळ बसलाय. वाचणारा दात उपटायला परवानगी लागत नाही आणि भरायला लागते, हा कुठला न्याय? साहेब, राग मानू नका, तुमचं वय काय?"

"त्याचा इथे काय संबंध?"

"पन्नासच्या आसपास असाल. मधलेच की. तुमचे कुणी काढले नाहीत ते?"

बाहेर कुणीतरी फिसकन् हसलं. मग एक जाड आवाज आला, "माझी दाढ अशीच काढली हो ह्यांनी. नुसती भरायची होती." दुसरा म्हणाला, "माझ्या बायकोच्या दोन." साहेबांनी उरलेलं बिस्किट बशीत ठेवलं. फोन उचलला, फिरवला, कानाला धरून बसले. खाली कुणी उचलेना. परत फिरवला. नाही.

"जा," शेवटी ते म्हणाले. "सांगा डॉक्टरांना, मी सांगितलंय. एका पेशंटपुरतं. आणि कृपा करून दार लावून घ्या."

एका पेशंटपुरतं! त्या क्षणीच माझ्या जिभेवर आलं होतं की आणि दाराबाहेरच्या ह्या माणसांचं काय? पण मी स्वार्थी झाले, साहेबांचे शब्द पदरात घेतले आणि जिन्यावरून धावले. धावताना मला ह्यांचा सूर ऐकू येत होता. सकाळी रियाजाआधी हे एक लांब सूर धरतात, चहाला उकळी येईपर्यंत तो तुटत नाही. तो सूर मी पदरात घेऊन चालले होते.

बाक रिकामा होता. सासूबाई उभ्या होत्या, ठमीला पोटाशी धरून.

"मी नको म्हणत होते गं. मदतनिसाने नाव पुकारलं आणि हा उठला."

आत स्टीलच्या ताटलीत दात पडलेला होता. लांबलचक मूळ, टोकाला थोडं रक्त. केवढासा. हे खुर्चीत होते, तोंडात कापूस, डोळे माझ्याकडे आणि माझ्याकडे नाहीत.

"साहेबांनी हो म्हटलंय," मी म्हटलं. मला माझाच आवाज ओळखू येईना. "फोन करत होते. दोनदा केला."

डॉक्टरांनी मान खाली घातली. "वाजत होता. माझे दोन्ही हात ह्यांच्या तोंडात होते."

"अहो, मी सांगून गेले होते ना?"

ह्यांनी कापूस गालात सरकवला. "तुझा आवाज खालपर्यंत येत होता. सगळे माझ्याकडे बघत होते. आणि... दुखत होतं गं. फार दुखत होतं."

कुणावर चिडायचं? ह्या माणसावर, जो स्वतःच्या दुखण्याचीही लाज बाळगतो? की त्या पोरीवर, जिने दिवसभर वाचणारे दात उपटून उपटून हात बधिर करून घेतलेत? माझे दात ओठात रुतले होते. दुसऱ्याच्या तोंडात काय राहावं ते ठरवणारे बिस्किट खात वर बसलेत, आणि खाली आम्ही एकमेकांना कारणं देतोय.

"फट राहील आता," डॉक्टर हळूच म्हणाल्या. "खोटा दात बसवता येतो, पण तो..."

"साठीनंतर. माहीत आहे. अठरा वर्षं थांबतील हे, फट घेऊन." मी ताटलीकडे बघणं थांबवलं. "डावा दात बघा."

"काय?"

"डावा. जिवंत आहे म्हणालात. काय काय करता येईल त्याला?"

"कीड साफ करून भरता येईल. आणि बारीक तारेने आजूबाजूच्या दातांना बांधला तर काही आठवड्यांत घट्ट होऊ शकतो. पण मी म्हटलं ना..."

"साहेबांनी एका पेशंटपुरती परवानगी दिलीय. तो पेशंट हा बसलाय तुमच्यासमोर. त्यांनी दात मोजून दिले नाहीत."

"आजच? आत्ता तर रक्तसुद्धा..."

"थांबेल रक्त. मीही थांबते. आज आम्ही घरी गेलो की उद्या ती परवानगी कुठे जाईल, तुम्हाला माहीत आहे आणि मलाही."

मदतनीस दारात नवा कागद घेऊन उभा होता; त्याला डॉक्टरांनी हातानेच थांबवलं. मग त्यांनी हातमोजे काढून टाकले, नवे घातले आणि काचेचं कपाट उघडलं.

हे घाबरले. "वाजवता येईल का मला? एका दातावर?"

"मला नाही माहीत," डॉक्टर म्हणाल्या. खरं बोलल्या, म्हणून मला त्या पहिल्यांदा आवडल्या. "तो बांधलेला असेपर्यंत तर नाहीच. नंतर तुम्हीच सांगा मला."

"मास्तर म्हणतात झांजा..."

"मास्तरांना मी बघते," मी म्हटलं. "आ करा."

ह्यांनी आ केला. निळा उजेड अजून लागायचा होता, कोरणं चालू होतं, तेवढ्यात दाराशी हालचाल झाली. वरच्या खुर्च्यांवरचा तो जाड आवाजाचा माणूस होता, आणि त्याच्या मागे एक बाई, माझ्याच वयाची, गाल फडक्याने बांधलेला. हातातल्या कागदावर तोच शिक्का.

"मधल्यांचे वाचवतायत म्हणे?" तिने विचारलं.

डॉक्टरांचे हात कामात होते. त्यांनी मान वर केली नाही, पण नाहीही म्हणाल्या नाहीत. मदतनीस माझ्याकडे बघत राहिला.

"या, बसा," मी तिला म्हटलं. "आणि काढायला म्हणून नाव पुकारलं, तर उठू नका."